बियाण्यातली लहान पुडी

२००५ च्या मृगात बाबांनी पहिल्यांदा बीटी कपाशीची, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या जनुकबदल कपाशीची, थैली घरी आणली. मी तेव्हा नववीत होते. साडेचारशे ग्रॅमची थैली आणि किंमत सोळाशे रुपयांच्या वर. साध्या संकरित बियाण्याची तेवढीच थैली तोवर चारशे-साडेचारशेला मिळायची, त्यामुळे आईने ती उंदरांच्या भीतीने दोन दिवस पितळी डब्यात झाकून ठेवली होती. टोबणीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी ओसरीत पोतं अंथरलं, थैली फोडली, तर आतून आणखी एक पुडी निघाली. लहान, एकशेवीस ग्रॅमची. सोबत घडी घातलेला कागद.

"हे कायचं बियाणं हाये, वाच बरं पोरी."

मी वाचून दाखवलं. हे बिगर-बीटी बियाणं आहे, बीटीच्या शेताभोवती चारही बाजूंनी याच्या पाच ओळी लावायच्या.

"म्हंजे याच्यात ते औषध नाही?"

"नाही."

"मंग अळी याच्यावरच येईन. कायले लावाचं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. कागदावर काय करायचं ते होतं, का करायचं ते आम्हाला त्यातून कळलं नाही. ज्या कृषी केंद्रातून थैली आणली तिथे बाबांनी विचारलं, तर "ते फेकून द्या, सगळेच फेकतात" असं उत्तर आलं. बाबांचा स्वभाव फेकायचा नाही. पंधरा दिवसांनी तासांमध्ये जिथे जिथे नांग्या पडल्या, म्हणजे बी उगवलंच नाही, तिथे त्यांनी त्यातलं थोडं बी टोबलं. उरलेली पुडी कोठ्याच्या वळचणीला खोचलेली राहिली आणि पहिल्या झडीत भिजून तिला कोंब फुटले.

आज मी वर्ध्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवते. बाबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ते माझ्या घरी बारा वर्षं उशिरा पोहोचलं.

बीटीच्या आधीचं शेत ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना त्या थैलीचं मोल कळणार नाही. माझ्या लहानपणाचा सप्टेंबर म्हणजे मोनोक्रोटोफॉसचा वास. बाबा पाठीवर पंप लावून तासातून चालत, आई डोक्यावरून पाणी आणून टाकीत ओती आणि काडीने औषध ढवळी. हिरवी बोंडअळी आली की आठवड्याला एक फवारा. तरी पात्या गळायच्या, बोंडं पोखरलेली निघायची. संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन जेवायला बसत, पण घास कडू लागतो म्हणून अर्ध्यावर उठत. त्या पहिल्या बीटीच्या वर्षी बोंडअळीसाठी त्यांनी पंप एकदाही उचलला नाही. रसशोषक किडींसाठी दोन फवारे झाले, तेवढेच. दिवाळीला झाडांवर खालपासून वरपर्यंत पांढरं फुललं होतं. आईने वेचणीच्या शेवटच्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नारळ फोडला. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून जनुकबदल केलेलं बी म्हणजे सरसकट विष, असं कुणी म्हटलं की मला ते मान्य होत नाही.

त्या बियात नेमकं काय होतं? मातीत राहणारा एक जीवाणू आहे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचीच आद्याक्षरं म्हणजे बीटी. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला. पुढे जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत पुन्हा सापडला. ती अळी थुरिंजिया प्रांतातली, म्हणून प्रांताचं नाव त्याला लागलं. हा जीवाणू एक प्रथिन तयार करतो. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, त्यात ते प्रथिन विरघळतं, आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक जागी जाऊन चिकटतं आणि भिंतीला भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. आपल्या पोटात आम्ल असतं आणि प्रथिनाला चिकटायला ती जागाही नसते. शास्त्रज्ञांनी हे प्रथिन बनवण्याची कृती, म्हणजे क्राय१एसी नावाचं जनुक, त्या जीवाणूतून घेतलं आणि कोकर-३१२ या अमेरिकी वाणाच्या कपाशीत बसवलं. तिथून संकर करत करत ते आपल्याकडच्या कपाशीत आलं. जालन्याच्या महिको कंपनीने मोन्सॅन्टोबरोबर हे बियाणं आणलं आणि २६ मार्च २००२ रोजी त्याला केंद्राची परवानगी मिळाली. अर्थात परवानगीच्या आधीच, २००१ मध्ये, गुजरातच्या शेतांत चोरून लावलेली बीटी कपाशी सापडली होती.

वर्गात हे सांगण्याआधी मी मुलांना डीएनए दाखवते. पिकलेलं केळं कुस्करायचं, त्यात मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाकायचे, फडक्यातून गाळायचं, आणि परीक्षानळीच्या कडेने बर्फात ठेवलेलं स्पिरिट हळूच सोडायचं. दोन थरांच्या मधे आधी धुकं दिसतं. मग त्या धुक्यातून पांढरे तंतू वर चढायला लागतात, एकमेकांत गुंतलेले, लिबलिबीत. काडीला गुंडाळून ते बाहेर काढता येतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा काडी उजेडात धरून म्हणाला, "मॅडम, हे तं सरकीवरच्या रुईसारखं दिसते." कापूस वेचलेल्या हातालाच सुचावं असं ते वाक्य होतं. या तंतूंवर चार अक्षरांत सगळा मजकूर लिहिलेला असतो. माणसाच्या पेशीत तो ४६ गुणसूत्रांत विभागलेला आहे आणि आपण लावतो त्या अमेरिकी कपाशीत ५२ गुणसूत्रांत. आपल्या गावरानी कपाशीत मात्र २६. मुलं इथे हमखास चमकतात, कारण माणसात जास्त असणार असं त्यांनी धरलेलं असतं.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते.

लाखो अळ्यांत एखाददुसरी अशी असतेच की जिच्या आतड्यातली ती चिकटायची जागा थोडी वेगळी आहे. बीटीच्या शेतात बाकी सगळ्या मरतात, ही जगते. तिचा पतंग होतो. सगळं शिवार बीटीचंच असेल तर त्याला जोडीदार मिळतो तोही असाच वाचलेला, आणि त्यांची सगळी प्रजा बीटी पचवणारी निघते. पण शेताच्या कडेला पाच ओळी साध्या कपाशीच्या असतील, तर तिथे साध्या अळ्या मजेत वाढतात, त्यांचे भरपूर पतंग होतात, आणि त्या एकट्यादुकट्या वाचलेल्या पतंगाची सोयरीक त्यांच्यापैकी कुणाशी तरी जुळते. बीटी पचवण्याचा हा गुण बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून आला तरच पूर्ण उतरतो. एकाच बाजूने आला तर लेकरं बीटीवर मरतात. म्हणजे लहान पुडी ही सोयरिकीची सोय होती. त्या पाच ओळींवर अळी यावी, हाच तिचा हेतू होता.

हे मी बाबांना सांगितलं २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, धुऱ्यावर उभं राहून.

त्या वर्षी शेत बघायचा जिम्मा धाकट्या भावाकडे होता. सप्टेंबरपासून तो फोनवर म्हणत होता, डोमकळ्या दिसताहेत. डोमकळी म्हणजे न उमललेलं फूल. पाकळ्यांची टोकं आतून रेशमाने शिवल्यासारखी एकमेकींना चिकटलेली असतात आणि फूल मिटलेल्या मुठीसारखं राहतं. मी दिवाळीनंतर गेले तेव्हा भावाने एक हिरवं, भरलेलं बोंड तोडून माझ्या हातात दिलं. बाहेरून कुठेही भोक नाही. त्याने अंगठ्याच्या नखाने ते फोडलं. आत रुई पिवळट, चिकटून बसलेली, दोन सरक्या एकमेकींना जोडलेल्या. जोड सरकी उघडली तर आत पोकळी आणि तिच्यात गुलाबी पट्ट्यांची, नखाएवढी अळी. तिने अंग आक्रसलं आणि परत सैल सोडलं. भावाने ओळीने दहा बोंडं फोडली. सात किडकी निघाली. एकरी आठ क्विंटलची आशा धरलेल्या शेतात तीन क्विंटल झाला, त्यातही अर्धी कवडी, म्हणजे किडकी, डागाळलेली रुई.

गुजरातच्या काही जिल्ह्यांत या गुलाबी अळीने क्राय१एसी पचवल्याचं २०१० च्या सुमारासच जाहीर झालं होतं. तोवर दोन जनुकांचं बियाणं बाजारात आलं होतं, २००६ पासून. २०१४-१५ ला गुजरातेत तेही हरलं आणि २०१७ ला आमच्या विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात. हिरवी बोंडअळी मात्र अजून बीटीला बऱ्यापैकी बधते, आणि यातच सगळा धडा आहे. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टमाटे खाते. तिच्यासाठी आपलं सगळं शिवार आपोआपच पाच ओळींचं काम करत होतं. गुलाबी अळीचं आपल्याकडे घर एकच, कपाशी. तिच्यासाठी ती पुडीच हवी होती, आणि पुड्या वळचणीला खोचलेल्या होत्या.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं होतं तं तवाच काऊन नाही सांगतलं कोनी? सोयरिकीचं बी हाये म्हणून सांगतलं असतं तं लावलं नसतं का आमी?"

लावलं असतं. माझा यावर विश्वास आहे. धुऱ्यावरचं झाड पाखरांसाठी राखणारा माणूस आहे तो. पाच ओळी अळीसाठी सोडा, पुढची वीस वर्षं पीक वाचेल, हे त्याला कळलं असतं. गावोगाव एक संध्याकाळ बसून सांगायला हवं होतं. जाहिरातीच्या गाड्या फिरल्या, कर्णे वाजले, बक्षिसांच्या सोडती निघाल्या, पण ही एक गोष्ट सांगायला कुणी आलं नाही.

तोच जीवाणू, तेच जनुक, तीच गुलाबी अळी अमेरिकेतही होती. तिथल्या ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे राखले, हंगाम संपताच शेतं साफ केली, पुढे विमानांतून नपुंसक पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये त्यांच्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं. म्हणून मी वर्गात सांगते की जनुक नापास झालं असं लिहू नका.

आणखी एक गोष्ट आहे, ती पाठ्यपुस्तकात नाही. जवळजवळ सगळ्या देशांत बीटी कपाशी सरळ वाणात आहे, आपल्याकडे ती संकरित आहे. जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी आपलीच, १९७० ची, सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी केलेली, आणि तिचा अभिमान आहेच. पण संकरिताचं बी घरचं धरता येत नाही, दर मृगाला थैली विकत घ्यावीच लागते. थैली महाग म्हणून शेतकरी झाडं विरळ लावतो, झाड मोठं होतं, हंगाम लांबतो, डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही राखलेली कपाशी, राहते आणि गुलाबी अळीला वर्षभर ताट वाढलेलं मिळतं. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते. जनुक एकच असेल तर चारांतल्या एका सरकीत ते उतरतच नाही. गुलाबी अळी सरकीतच राहणारी. तिला एकाच बोंडात विषारी बी मिळतं आणि बिनविषारीही. अर्धवट ताकदीच्या अळ्याही त्यात तगून जातात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बिकानेरी नरमा बीटी हे सरळ वाण आणलं होतं, ज्याचं बी शेतकऱ्याने घरी धरावं. २००९ मध्ये ते विक्रीला आलं, त्यात मोन्सॅन्टोचं जनुक मिसळलेलं सापडलं आणि वर्षभरात ते मागे घ्यावं लागलं. मला बीटीच्या सगळ्या इतिहासात या एका घटनेची सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

फवारे परत आले. २०१७ च्या पावसाळ्यातच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, फवारा वरून तोंडावर येणारा. आमच्या गावचा एक मजूर आठ दिवस दवाखान्यात होता, त्याला समोरची बायको धूसर दिसत होती. ती मला विचारायची, "बाई, बीटी लावलं तं फवारा लागत नाही म्हणत होते ना?"

गेल्या वर्षी हा धडा संपल्यावर एक मुलगी थांबली. तिने हातातली फाईल पुढे केली. ती सिकलसेलची रुग्ण आहे, एसएस. विदर्भात हे दोन अक्षरांचे शब्द घराघरांत माहीत आहेत: एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजारी. "मॅडम, सरकीचं बदलता येते तं माझ्या रक्तातलं नाही का बदलता येत?"

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. तिच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कृतीत एक अक्षर बदललेलं आहे. तीन अब्ज अक्षरांत एक. त्यामुळे लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि मग ती कळ येते जी तिला परीक्षेच्या काळात हमखास येते. हे अक्षर आपल्याकडे इतक्या घरांत का टिकलं, तर ते एकाच बाजूने आलेल्या माणसाला हिवतापापासून बरंच वाचवतं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या तिच्या आजी-पणजीला त्याने कदाचित जगवलंही असेल. आणि हो, उपचार निघाला आहे. क्रिस्पर नावाची, डीएनए नेमक्या जागी कापणारी कात्री वापरून २०२३ च्या शेवटी ब्रिटनने आणि अमेरिकेने कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मान्यता दिली. त्यात ते अक्षर दुरुस्त करत नाहीत. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं, ते जन्मानंतर बंद करणारी कळ कापून ते पुन्हा चालू करतात. त्यासाठी रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढाव्या लागतात आणि मज्जा रिकामी करायला जबर औषधं द्यावी लागतात.

"कितीले पडते?"

अमेरिकेत बावीस लाख डॉलर. मी रुपयांत आकडा सांगितला नाही, तिने स्वतःच मोबाईलवर गुणाकार केला आणि मोबाईल उलटा ठेवला. दिल्लीच्या एका सरकारी संस्थेत आपल्या पद्धतीचा, स्वस्त उपचार करण्यावर काम चालू आहे, हे सांगितलं तेव्हा तिने संस्थेचं नाव वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "माझ्या पोरीले पण होणार नाही का मंग?" त्यावर मला नाही म्हणावं लागलं. बदल तिच्या रक्तापुरता राहील, बीजात उतरणार नाही. बीजात उतरवण्याचा उद्योग चीनमध्ये हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये केला, भ्रूणांत बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, आणि त्यासाठी ते तुरुंगात गेले. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांत काय उतरणार हे कुणालाच माहीत नव्हतं. मी ठाम आहे की ती दारं बंदच राहावीत. तिला तूर्तास जोडीदाराची रक्ततपासणी कशी उपयोगी पडते ते समजावलं. सोयरीक हा शब्द तिथेही आला.

गावात सध्या दुसरीच थैली फिरते. तिला नाव नाही, पत्ता नाही, बिल नाही. लोक तिला चोरबीटी म्हणतात. तिच्यात तणनाशक सोसणारं जनुक आहे, ग्लायफोसेट मारलं की तण जळतं आणि पऱ्हाटी उभी राहते. देशात तिला परवानगी नाही. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला ती जाहीरपणे लावून सत्याग्रह केला. माझा भाऊ म्हणतो, निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. माझी आई उभं आयुष्य निंदणावर काढलेली, ती म्हणते, मंग त्या बायांनी खावं काय? दोघेही खरं बोलतात. पण त्या थैलीत कागद नाही, पुडी नाही, आणि उगवलं नाही तर कुणाच्या दारात जायचं तेही नाही. उघडपणे तपासून हो किंवा नाही म्हणायला सरकारने जितकी वर्षं लावली, तितक्या वर्षांत चोरबीटी शिवारभर झाली. माझ्या मते हे सगळ्यात वाईट उत्तर आहे, कारण आता कुठे काय लावलंय याचा हिशोबच कुणाकडे नाही. २०२५ च्या मे महिन्यात जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली. त्यात बाहेरचं जनुक नाही, स्वतःच्याच मजकुरात फेरबदल आहे. मला त्यांची भीती वाटत नाही, उत्सुकता आहे. मी फक्त थैलीसोबतचा कागद वाचायची वाट पाहते आहे.

२०२५ च्या जूनमध्ये टोबणीला घरी गेले होते. थैली तेव्हा ९०१ रुपयांना, ४७५ ग्रॅमची. लहान पुडी वेगळी येत नाही, बिगर-बीटी बी कारखान्यातच बीटीत मिसळून देतात, म्हणजे कुणी फेकू शकणार नाही. बाबांना आता चालणं होत नाही, ते धुऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी भावाकडून मूठभर बी मागून घेतलं, तळहातावर पसरलं आणि चष्मा वर करून निरखलं. सगळ्या सरक्यांना सारखाच रंग.

"याच्यातलं सोयरिकीचं कोन्तं?"

"दिसत नाही बाबा. उगवलं तरी दिसत नाही."

त्यांनी बी परत भावाच्या ओंजळीत ओतलं, तळहाताला चिकटून राहिलेली एक सरकी बोटाने सोडवून तीही दिली. भाऊ तासाला लागला. मागून आई, पायाच्या अंगठ्याने एकेका बियावर माती लोटत.